टॉप फ्लोअर भाजतोय, पार्किंगमध्ये पाणी भरतंय? सोसायटीने काय करायचं आणि आधी काय करायचं

ग्रीन बिल्डिंग, क्लायमेट रेझिलियंट डिझाइन वगैरे जे काही वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं नवीन बांधकामासाठी असतं. पण आपल्यातले बरेच जण राहतात त्या पंधरा-वीस-तीस वर्षं जुन्या सोसायट्या, खाली पार्किंग, वर उघडी गच्ची, चार-पाच मजले, आणि रिडेव्हलपमेंटचं घोंगडं किती वर्षं भिजत पडतं ते सगळ्यांना माहितीच आहे, तोपर्यंत आहे त्याच बिल्डिंगमध्ये उन्हाळे-पावसाळे काढायचेत. तर हे त्यांच्यासाठी. हिशोब मुख्यतः पुण्याचा धरलाय, मुंबई-कोकण किंवा विदर्भात जिथे वेगळं करायला लागतं तिथे तसं सांगतो.

तत्त्व एकच ठेवा: ऊन असो की पाणी, बाहेरच्या बाहेर अडवायचं. एकदा आत शिरलं की मग एसी आणि पंप, आणि तो खर्च दरवर्षी वाढतच जातो. म्हणून पैसे गच्चीपासून खाली लावत यायचे, उलटं नाही.

गच्चीच आधी का

पुणे साधारण १८.५ अंश अक्षांशावर, मुंबई १९, नागपूर २१. म्हणजे मे महिन्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावली दिवस म्हणतात तो पुण्यात १३-१४ मेच्या आसपास असतो, मुंबईत १५ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळपास पडतच नाही, सगळा मारा स्लॅबवर, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिम भिंतींवर. फ्लॅट घेताना लोक "साउथ फेसिंग आहे, तापेल का" असं विचारतात, अहो तापणारी बाजू पश्चिम, आणि त्याहून वाईट म्हणजे डोक्यावरचा स्लॅब.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन खातो आणि ते चार-सहा तासांनी खाली सोडायला लागतो, म्हणून टॉप फ्लोअरला दुपारपेक्षा रात्री दहा वाजता जास्त जीव घाबरा होतो, फॅन लावला की तोच गरम वारा अंगावर येतो. हे खरंच गच्चीमुळे होतंय का ते तपासायला हजार-दीड हजारात मिळणारी इन्फ्रारेड थर्मामीटर गन घ्या, सोसायटीत एक पुरे. दुपारी तीनला आणि रात्री दहाला टॉप फ्लोअरच्या बेडरूममध्ये छताकडे धरून रीडिंग घ्या, मग आतल्या बाजूच्या एखाद्या भिंतीचं, मग दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच बेडरूममधलं. रात्री दहाला छत भिंतीपेक्षा गरम आणि खालच्या मजल्यावर तसा फरक नाही, म्हणजे कारण गच्ची. हे आकडे तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा, काम झाल्यावर तशाच कडक उन्हाच्या दिवशी परत मोजा. जनरल बॉडीत भांडण झालं की हाच कागद उपयोगी पडतो.

पांढरी गच्ची

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो तो गच्ची पांढरी केल्याने. काळवंडलेलं काँक्रीट पडलेल्या उन्हातलं बहुतेक पिऊन टाकतं, चांगलं पांढरं कोटिंग नवीन असताना सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवतं. आणि आपण काय करतो, विटकरी रंगाचं वॉटरप्रूफिंग मारून घेतो! कॉन्ट्रॅक्टर तोच डबा आणतो, कमिटीला वाटतं छान दिसतंय, मळ दिसत नाही. तेच मटेरियल बहुतेक कंपन्यांकडे पांढऱ्यात मिळतं. फक्त मागायला लागतं.

कोटेशन मागवताना "हीट रिफ्लेक्टिव्ह" एवढ्या शब्दावर जाऊ नका. टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात सोलर रिफ्लेक्टन्स, इमिटन्स आणि एसआरआय (पहिल्या दोन्हींचा मिळून काढलेला आकडा) असे तीन आकडे असतात. रिफ्लेक्टन्स म्हणजे किती ऊन परत फेकलं, इमिटन्स म्हणजे जे शोषलं ते किती पटकन बाहेर सोडलं, आणि दोन्ही लागतात. चकचकीत पत्रा ऊन फेकतो चांगलं पण राहिलेली उष्णता धरून बसतो, म्हणून दुपारी हात लावला की चटका बसतो. शंभरच्या आसपास एसआरआय असेल तर उत्तम. रिपोर्ट नाही म्हणाला तर तो साधा एक्स्टिरियर पेंट आहे असं समजा.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचं. पावसाळ्यानंतर लगेच नको, कारण खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जुना थर) असेल तर त्यात मुरलेलं पाणी वाळायला वेळ लागतो आणि ओल्यावर कोटिंग मारलं की पुढच्या उन्हाळ्यात फुगे येऊन पापुद्रे सुटतात. आधी लीकेज. टाकीचा ओव्हरफ्लो, पाइपांच्या कडा, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, फुटलाय का ते बघा, बहुतेक गळती तिथूनच असते. भेगा नुसत्या वरून लिंपायच्या नाहीत, व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरने भरायच्या. मग शेवाळ वायर ब्रशने घासून प्रेशरने धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं, प्रायमर, आणि दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा. भर दुपारी मारायला देऊ नका, तापलेल्या स्लॅबवर रंग लागता लागताच सुकतो आणि नीट धरत नाही, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. हे शेवटचं लेबरवाल्याला अजिबात आवडत नाही, कोणीतरी तिथे उभं राहिलं पाहिजे.

बजेट नसेल तर चुना. भिजवून गाळलेल्या चुन्यात डीडीएल फेव्हिकॉल टाकून दोन हात मारायचे, एक उन्हाळा निघतो, पावसात बराचसा धुऊन जातो, परत पुढच्या वर्षी. गरम होणाऱ्या बैठ्या घरांना, चाळींना, गावाकडच्या स्लॅबला हे पुरे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये हीट अ‍ॅक्शन प्लॅन आणला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली ती असल्याच चुन्या-रंगाने. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच काढली. म्हणजे हे काही जुगाड नाहीये.

कायमचं करायचं असेल तर चायना मोझेक, पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्सच्या तुकड्यांचं. महाग, पण वर्षानुवर्षं टिकतं, धुता येतं, पापडही वाळवता येतात. उतार मात्र नीट काढून घ्या, दहा फुटाला सव्वा इंच तरी. आणि एक वजनाची गोष्ट: जुन्या कोब्यावर परत कोबा, त्यावर मोझेक असे थर चढवत जाऊ नका, जुनं उखडून मगच नवीन.

पांढरं केलं की काम संपलं असं नाही. धूळ आणि कबुतरं (पुण्यात जास्त काय आहे सांगणं अवघड) यांनी वर्षभरात पांढऱ्याचं मळकट होतं आणि फायदा कमी होतो, म्हणून होळीच्या आसपास एकदा गच्ची घासून धुवायची. समोर उंच टॉवर असेल तर चकाकी त्यांच्या खिडकीत जाते, तक्रार येऊ शकते, अशा ठिकाणी एकदम ग्लॉसी न घेता मॅट फिनिश घ्या.

टेरेस गार्डनचा उत्साह असेल तर आधी वजनाचा हिशोब. लोक वावरतात अशी गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) धरून डिझाइन केलेली असते. सहा इंच ओल्या मातीचंच वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जातं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे नाहीत, कुंड्या ठेवायच्या तर कॉलम-बीमच्या ओळीवर.

पत्र्याच्या शेडबद्दल लोक नेहमी विचारतात. सावली पडते हे खरं, स्लॅब थंड राहतो हेही खरं, पण परवानगी लागते, वादळात पत्रा उडाला तर खालच्याच्या गाडीवर नाही तर डोक्यावर, आणि बाजू बंद केल्या की आत भट्टी. त्यापेक्षा सोलर पॅनल. पॅनलची सावली पडते ती पडतेच, वर लिफ्ट-पंप-जिन्यातल्या दिव्यांचं बिल उतरतं. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) हाउसिंग सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये सबसिडी ठेवलीये. फक्त आधी कोटिंग, मग पॅनल. उलट केलं तर पॅनलच्या पायांखालची गळती शोधत बसाल.

पश्चिमेची भिंत आणि खिडक्या

इथे लोक जाड पडदे लावतात. पडदा आत असतो, ऊन काचेतून आत आलं, पडदा तापला, ती उष्णता खोलीतच राहिली. सावली काचेच्या बाहेर हवी. बांबूची चीक, ग्रीन नेट, काहीही, पण बाहेरून, आणि ग्रिलला चिकटवून नाही तर थोडी फट ठेवून म्हणजे मधून वारा खेळतो. छज्जा डोक्यावरच्या उन्हाला छान काम करतो पण पश्चिमेचं चार नंतरचं ऊन आडवं येतं, त्याला छज्ज्याचा काही उपयोग नाही, तिथे उभी जाळी किंवा चीकच लागते.

बाल्कनी बंद करून हॉल मोठा केलेल्यांनी जरा विचार करा. उघडी बाल्कनी म्हणजे आतल्या भिंतीला फुकटची सावली होती, आता तिथे तीन बाजूंनी स्लायडिंगची काच आहे आणि मग हॉलला दीड टनाचा एसी पुरत नाही. निदान त्या काचेला बाहेरून चीक लावा.

दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, बदलायची वेळ आली की दाराटाइप उघडणारी घ्या. पुणे-नाशिकसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात रात्र बऱ्यापैकी थंड होते, तर सकाळी नऊ-दहाला खिडक्या बंद, रात्री सगळ्या उघड्या, समोरासमोरच्या. मुंबई-कोकण-गोव्यात हा फॉर्म्युला चालत नाही, तिथे दमटपणा आहे, वारा दिवसभर हवाच. कूलरचंही तेच, नागपूर, चंद्रपूर, जळगावला वाळ्याचा कूलर एसीला मागे टाकतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीचं बाथरूम करून टाकतो.

एसीचे आउटडोअर युनिट अरुंद डक्टमध्ये एकावर एक लावलेले असतात, खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, टॉप फ्लोअरचा सगळ्यात जास्त मार खातो. नवीन बसवताना मोकळ्या हवेत, आणि शक्यतो सावलीत.

आता पाणी

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी तोंडी हिशोब. ४०० चौरस मीटरची गच्ची आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस, २० हजार लिटर, म्हणजे दोन मोठे टँकर तासाभरात तुमच्या पाइपांतून खाली. मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांची क्षमता तासाला २५ मिलिमीटर धरून होती, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि आता ब्रिमस्टोवॅड या गटारं सुधारायच्या प्रकल्पाखाली ५० धरून काम चाललंय. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सहकारनगर-कात्रजवाल्यांना वेगळं सांगायला नको. पाऊस थोड्या वेळात जास्त पडतोय आणि आपले पाइप जुनेच.

गच्चीवरचे आउटलेट मोजा. तासाला १०० मिलिमीटरची सर धरली तर चार इंची एका पाइपला साधारण ४० चौरस मीटर गच्ची हा ढोबळ हिशोब. म्हणजे ४०० ला दहा पाइप. बऱ्याच बिल्डिंगांना चार-पाच असतात, त्यातल्या एकाच्या तोंडावर कुंडी. पाइप वाढवता येत नसतील तर निदान पॅरापेटला तळाशी ओव्हरफ्लोची भोकं ठेवून घ्या, पाणी गच्चीवर तुंबून जिन्यात उतरण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं.

त्याहून मोठी भानगड खाली असते. पावसाचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले. बिल्डरने नाही तर नंतर कुठल्यातरी प्लंबरने, जवळ होतं म्हणून. जोराचा पाऊस आला की ड्रेनेज लाइन भरते, आणि तळमजल्याच्या बाथरूमच्या जाळीतून घाण पाणी वर येतं, मग सगळे महापालिकेला शिव्या घालतात. तपासणं सोपं आहे. उन्हाळ्यात खालच्या सगळ्या चेंबरची झाकणं उघडा, वर एकजण गच्चीच्या एकेका आउटलेटमध्ये रंगाचं पाणी बादलीभर ओतेल, होळीचा उरलेला रंग चालतो, आणि खाली बघायचं कुठल्या चेंबरमध्ये रंग आला. ड्रेनेजमध्ये आला तो पाइप तोडून पावसाळी लाइनला किंवा रेनवॉटरच्या खड्ड्याला न्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पार्किंगमधली निम्मी कटकट इथेच संपते.

रेनवॉटर हार्वेस्टिंग नवीन बांधकामाला ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला बंधनकारक आहे, पण खूप ठिकाणी ते कम्प्लिशन सर्टिफिकेटपुरतं असतं, झाकण उघडलं की आत माती. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर धरला आणि थोडं वाया गेलं तरी त्याच ४०० मीटरच्या गच्चीवरून सव्वादोन लाख लिटर पाणी मिळतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह, मग खडी-वाळूचा फिल्टर, मग टाकी किंवा बोअर. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये चुकूनही नको, त्यात ऑइल असतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, पाणी मुरतं ते फक्त भेगांमधून, तर बोअर घेतं का ते आधी एखादा टँकर ओतून बघा, पाणी खाली न जाता वर येऊन उभं राहिलं तर तिथे खर्च करू नका आणि टाकीचं बघा. पुणे महापालिका चालू असलेल्या रेनवॉटर, सोलर, गांडूळखत अशा सोयींसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते, अर्ज करायचा राहून जातो तेवढं बघा.

अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत म्हणजे पाणी मुरतं असं नाही. खाली पीसीसी (साधं काँक्रीट) ओतलेलं असतं, मग कसं मुरणार? कंपाउंडच्या कडेने दोन-तीन फुटांची पट्टी मातीची मोकळी ठेवा आणि झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडा. नवीन झाड लावायचं तर पश्चिमेला, करंज, कडुनिंब, ताम्हण, बहावा. गुलमोहर दिसतो सुंदर पण वळवाच्या पावसात मोडून गाड्यांवर पडतो. असलेलं झाड तोडायला मात्र परवानगी लागतेच.

बेसमेंट किंवा खोलगट पार्किंग असेल तर रॅम्पच्या तोंडाला रस्त्यापेक्षा उंच असा आडवा उंचवटा. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (बाहेरचं पाणी उलटं आत येऊ न देणारा), पण तो बंद असतो तेव्हा आपलं पाणीही बाहेर जात नाही, हे सगळ्या फ्लॅटवाल्यांना सांगून ठेवा, नाहीतर बाहेरचा पूर अडला आणि वरच्यांच्या फ्लशने तळमजला बुडाला असं व्हायचं. मीटरबोर्ड जमिनीलगत असेल तर महावितरणकडे अर्ज करून वर घ्या, याला टाळाटाळ नको, पाणी आणि करंट एकत्र आले की गाडीचं नुकसान वगैरे विसरायला होतं.

रिडेव्हलपमेंट किंवा नवीन फ्लॅट घेणार असाल तर

बिल्डरशी बोलताना सगळे कार्पेट एरिया आणि कॉर्पसवरच (बिल्डरकडून मिळणाऱ्या रकमेवरच) अडतात. भिंत कशाची हे विचारा. मायवान फॉर्मवर्कच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) पातळ काँक्रीट भिंती झटपट होतात, पण एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) मानाने उष्णता कितीतरी जास्त आत सोडतात, पश्चिमेला अशी भिंत असेल तर बाहेरून इन्सुलेशन मागा. केंद्राच्या इको निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जा-बचतीचे निकष, २०१८) भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आणि छताचा यू व्हॅल्यू (उष्णता किती आत सोडतं तो आकडा, कमी तेवढं चांगलं) १.२ पर्यंत दिलाय, आर्किटेक्टला सांगा हे आकडे काढून द्या. काढता आले नाहीत तर त्यातच उत्तर मिळालं.

नदी-ओढ्याजवळचा प्लॉट असेल तर डीपीवर (शहराच्या विकास आराखड्यावर) निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. पण "१०० वर्षांतून एकदा" म्हणजे आता ९९ वर्षं निवांत असं नसतं, सांगलीकर-कोल्हापूरकरांना २०१९ ला आणि परत २०२१ ला विचारा. सेल्स ऑफिसमधला रिव्हर व्ह्यू जुलैमध्ये जाऊन बघावा.

पैसे आणि भांडणं

"टॉप फ्लोअरचा प्रॉब्लेम, आम्ही का भरायचं" हे येणारच. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती हा सोसायटीचा खर्च आहे, वरच्या चार फ्लॅटचा नाही. आणि स्लॅब रोज तापून-निवून भेगा पडतात, त्यातून पाणी जाऊन सळ्या गंजतात, ती बिल्डिंग पहिल्या मजल्यावाल्याचीही असतेच. तीन कोटेशन, थर्मामीटरचे आकडे आणि चेंबरमध्ये आलेल्या रंगाचा फोटो एवढं घेऊन सभेत जा.

सगळं एका वर्षात जमत नसेल तर पहिल्या वर्षी लीकेज, पांढरं कोटिंग आणि पाइपांची जोडणी. दुसऱ्या वर्षी रेनवॉटर, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि मीटरबोर्ड वर घेणं. सोलर त्यानंतर.

आणि दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात कमिटीतल्या एकाने वॉचमनला बरोबर घेऊन बेसमेंटचा पंप समोर चालू करून बघायचा, त्याचं कनेक्शन पार्किंगच्या मेनपासून वेगळं आहे ना ते बघायचं, आणि पाणी वाढायला लागलं की लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायची हे त्याला प्रत्यक्ष करून दाखवायचं. लिफ्टच्या मशीनरूमची चावी रात्रपाळीवाल्याकडे असली पाहिजे, सेक्रेटरीच्या ड्रॉवरमध्ये नाही.